थोरल्या बोटीवरची पंगत

मी लोकांना जेवायला बसवायचे. नोकरी काय होती, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते आणि समोरच्याला वाटतं, बाई खानावळ चालवत असणार. वेस्ट विंडसरला आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तर मला एकदा पंचवीस माणसांच्या पुरणपोळ्यांची ऑर्डरच देऊन टाकली होती. त्यांना नाही म्हणताना मला जेवढं अवघडल्यासारखं झालं तेवढं नोकरीतही कधी झालं नाही. शिवाय माझ्या पुरणपोळ्या फुटतात.

खरी गोष्ट अशी की नव्वदचं जवळजवळ सगळं दशक मी एका जुन्या ब्रिटिश बोट कंपनीच्या न्यू यॉर्कच्या ऑफिसात काढलं. नवऱ्याला प्रिन्स्टनजवळ संशोधनाची नोकरी लागली म्हणून आम्ही नागपूरहून इकडे आलो. मुलं शाळेला लागल्यावर मी पेपरातली जाहिरात बघून अर्ज केला. जाहिरातीत ‘टेबल प्लॅनिंग’ असं लिहिलं होतं. मला वाटलं फर्निचरचं काम असेल. मुलाखतीला गेले तर समोर मिस हॉलोवे. किडकिडीत इंग्रज बाई, अंगात उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर, आणि टेबलाच्या खणात चहाची किटली. वीस वर्षं बोटींवर प्रवाशांची व्यवस्था बघून ती जमिनीवर आली होती आणि जमिनीवर तिला करमत नव्हतं. तिनं मला एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडे लग्नात लोक कसे बसवतात?” मी तिला पंगत समजावून सांगितली. कोण आधी, कोण नंतर, कुणाला आग्रह करायचा, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही. कोण अजिबात बसत नाही, ते मात्र सांगितलं नाही. तिनं मला लगेच नोकरी दिली.

आता काम काय ते सांगते. जुन्या पद्धतीच्या ब्रिटिश बोटीवर रात्रीचं जेवण ही मोठी गोष्ट असते. जेवणाच्या दोन पाळ्या, एक साडेसहाची आणि एक साडेआठची. प्रत्येक प्रवाशाला एक टेबल आणि एक खुर्ची नेमून दिलेली, आणि ती सफर संपेपर्यंत बदलत नाही. दोनांचं टेबल, चारांचं, सहांचं, आठांचं. तुम्ही आठांच्या टेबलावर पडलात तर सातही दिवस त्याच सात तोंडांसमोर सूप प्यायचं. स्थळं बघतानासुद्धा लोक इतका विचार करत नाहीत, जेवढा आम्ही एका टेबलाचा करायचो. ऑफिसच्या भिंतीवर एक भलामोठा बुरणूस लावलेला फळा होता. त्यावर पुठ्ठ्याची गोल टेबलं, आणि प्रत्येक प्रवाशाची नावाची चिठ्ठी टाचणीनं टोचलेली. शेजारी संगणक होता, पण मिस हॉलोवेचा विश्वास टाचणीवर. फळा पुरा झाला की यादी करून ती बोटीवर फॅक्स करायची, आणि सुटायच्या दिवशी मूळ आराखडा घेऊन मी स्वतः धक्क्यावर जायचे.

मिस हॉलोवेचे नियम मला अजून पाठ आहेत. एकट्या बाईची पाठ कधी दरवाज्याकडे येऊ द्यायची नाही. दोन डॉक्टर एका टेबलावर चालतील, पण डॉक्टर आणि दुखणाईत एका टेबलावर नको, डॉक्टरला सुट्टी मिळत नाही. फार हसणारा माणूस आठांच्या टेबलावर एकच. नव्यानं लग्न झालेल्यांना दोनांचं टेबल आणि चाळीस वर्षं झालेल्यांना सहांचं, कारण त्यांचं बोलणं संपलेलं असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, प्रवाशाला ‘हा तुमच्याशेजारी चालेल का’ असं कधीच विचारायचं नाही. छापील कार्ड ठेवून द्यायचं. ती म्हणायची, विचारलंस तर माणूस नाही म्हणायचं कारण शोधतो, आणि कार्ड दिसलं की मुकाट्यानं बसतो.

पहिल्याच वर्षी मी एक घोळ घातला. बर्म्युडाच्या सफरीच्या यादीत एकाच आडनावाची दोन जोडपी होती, दोन्ही एकाच गावची. मी म्हटलं, भाऊ-भाऊ असणार, बिचाऱ्यांनी वेगवेगळं बुकिंग केलंय. मोठ्या प्रेमानं चौघांना एका टेबलावर बसवलं. तिसऱ्या दिवशी बोटीवरून फॅक्स आला. त्यातला एक गृहस्थ आणि दुसऱ्या जोडप्यातली बाई हे पूर्वीचे नवरा-बायको होते. तिनं जुनं आडनाव सोडलं नव्हतं आणि बुकिंग तिच्याच नावानं होतं. पहिल्या रात्री चौघं सूपापर्यंत पोचले होते. मी रडकुंडीला आले. मिस हॉलोवेनं मला चहा दिला आणि म्हणाली, “मिसेस एस, आडनावावरून माणसाबद्दल काहीही कळत नाही.” मी चहाचा घोट घेतला. आमच्याकडे आडनावावरून सगळंच कळतं, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते!

कंपनीच्या त्या वेळी तीन बोटी होत्या. तिघींची नावं ‘लेडी’नं सुरू व्हायची, पण माझ्या घरात त्या थोरली, मधली आणि धाकटी. धाकटी खरं तर दत्तक होती, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीकडून घेऊन तिला ‘लेडी’ केलेलं. तिच्यावर धबधबा होता, जुगाराची यंत्रं होती आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या. मिस हॉलोवे तिचं नाव घेताना ओठ घट्ट मिटायची. मधली शहाणी. वेळेवर यायची, वेळेवर जायची, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थोरली म्हणजे ‘लेडी हॅरिएट’. ती दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली, पांढरी, उंच पिवळ्या धुराड्याची. आधी ती सफरीची बोट नव्हतीच. इंग्लंडहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियाला माणसं आणि टपाल न्यायची. वर पहिला वर्ग, खाली दुसरा, आणि मधल्या जिन्यावर साखळी. पुढे विमानं आली, माणसं उडून जायला लागली आणि कंपनीला टाळं लागायची वेळ आली. तेव्हा मालकांनी साखळ्या काढल्या, डेकवर पोहायचा तलाव केला आणि टपालाच्या बोटीला हवा खायला जाणाऱ्यांची बोट केलं. ती वादळात फार डोलायची, नळाचं गरम पाणी तिच्या मर्जीनं यायचं, तरी लोक तिच्यावर जीव टाकायचे. कनेक्टिकटच्या एक आजी दर शरदात यायच्या, त्याच टेबलावर बसायच्या आणि तक्रारींची दोन पानी यादी मला टपालानं पाठवायच्या. खाली लिहिलेलं असायचं, ‘पुढच्या वर्षी हीच खुर्ची.’

मग आगीपासून सुरक्षिततेचे नवे नियम आले. थोरलीच्या भिंतींत इतकं लाकूड होतं की ते सगळं बदलण्यापेक्षा नवी बोट परवडली असती. ऑफिसात पत्र आलं की या शरदात कॅनडाच्या किनाऱ्याची सात दिवसांची सफर ही तिची अमेरिकेतली शेवटची. त्यानंतर तिला भंगारात काढणार. मिस हॉलोवे त्या दिवशी चहा न पिता घरी गेली.

त्याच आठवड्यात मला मिलिंदचा फोन आला. मिलिंद पार्सिपनीला कॉम्प्युटरमध्ये होता. आम्हा आंबेडकरी कुटुंबांची ओळख चौदा एप्रिलच्या कार्यक्रमातली. एखाद्या शाळेचा हॉल घ्यायचा, वंदना, भाषणं, मग प्रत्येकानं घरून आणलेलं जेवण. तिथं त्याचे वडील मी पाहिले होते. दौलतकाका, दापोलीकडचे, पासष्टीचे, ताठ, कडक इस्त्रीच्या शर्टात.

“ताई, एक फेव्हर हवाय,” मिलिंद म्हणाला. “तुमची ती लेडी हॅरिएट रिटायर होतेय ना? पप्पांनी तिच्यावर नऊ वर्षं काम केलंय, यू नो?”

“काय सांगतोस? काय काम?”

“टोपस होते. आय मीन, क्लीनिंग. बाथरूम्स, टॉयलेट्स. त्यांना एकदा त्या डायनिंग हॉलमध्ये बसून जेवायचंय. दुसरं काही मागत नाहीत ते. मी दोघांचं बुकिंग करतो, फक्त टेबल तुम्ही नीट बघा.”

थोरलीवर मुंबईहून भरती केलेली माणसं असायची, हे मला ठाऊक होतं. डेकवर कोकणातले आणि गुजरातचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे वाढपी, खाली इंजिनाच्या भट्टीत उत्तरेकडचे. या सगळ्यांच्या उतरंडीत तळाला टोपस. बोटीवर त्याचं झोपायचं ठिकाणही वेगळं. टोपस म्हणून कोण भरती व्हायचं, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. जात मुंबईच्या बंदरात उतरली नाही, ती बोटीवर चढली. इंग्रजांनी तिला केबिन दिली.

दौलतकाकांशी मी फोनवर बोलले. ते म्हणाले, “बाय, त्या हॉलात समोरच्या भिंतीवर लाकडाचा नकाशा आहे. इंग्लंडपासनं सिडनीपावेतो सगळी बंदरं. आमाला हॉलात जायची बंदी. भांडीघराच्या दारातनं अर्धा दिसायचा. इंग्लंड दिसायचं, मुंबई नाही दिसायची. नऊ वर्सं अर्धाच बघितला.”

मी म्हटलं, काका, यंदा पुरा बघाल.

आणि फळ्यासमोर उभी राहिले. त्याच सफरीला पार्सिपनीचीच मराठी मंडळी होती, तीन जोडपी. बुकिंग वसंतरावांनी केलेलं. वसंतराव म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक सहलीचे स्वयंसेवक, हातात यादी आणि गळ्यात कॅमेरा. त्या सहांना मी आठांचं सव्वीस नंबरचं टेबल दिलं होतं, हॉलच्या मधोमध, नकाशासमोर. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. भाषा एक, गाव एक, वय साधारण एक. मिस हॉलोवेच्या कुठल्याही नियमानं दौलतकाका आणि मिलिंदच्या चिठ्ठ्या तिथंच टोचायच्या होत्या.

माझा हात पुढे झाला नाही. मला दिसायला लागलं, की पहिल्याच रात्री कोणीतरी गोड आवाजात विचारणार, “आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?” मग दुसरा प्रश्न, बोटीवर कशात होतात? माझे बाबा नागपूरला कचेरीत मोठे कारकून होते. साहेबाच्या घरी वास्तुशांतीला त्यांना वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटात वाढलं होतं, आणि ते जेवले होते. घरी येऊन ते आठ दिवस आईशी बोलले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या हौसेच्या सफरीत मला हे नको होतं. मी दोघांना दोनांचं टेबल दिलं, खांबाआड, भिंतीशी. कुणी बोलणार नाही, कुणी विचारणार नाही, शांतपणे जेवतील. चिठ्ठ्या टोचल्या आणि मला फार बरं वाटलं. आपल्या माणसाची काळजी घेतली असं वाटलं.

सुटायच्या दिवशी दुपारी मी आराखडा घेऊन हडसनच्या धक्क्यावर गेले. बोट संध्याकाळी सुटणार होती. दौलतकाका सगळ्यांच्या आधी चढलेले. काळा सूट, टाय, आणि छातीशी धरलेली टोपी. मी त्यांना घेऊन जेवणघरात गेले. हॉल रिकामा होता, टेबलांवर पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे पेले. ते उंबऱ्याशी थांबले. मी म्हटलं, या काका. त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं आणि मग आत पाऊल टाकलं.

मी त्यांना त्यांच्या टेबलाशी नेलं. ते बसले. समोर खांब होता. त्यांनी मान डावीकडे वाकवून बघितली, मग उजवीकडे.

“इथनं अर्धाच दिसतो,” ते म्हणाले.

नकाशाचा विचार मी केलाच नव्हता. दहा दिवस मी आडनावाचा विचार केला होता. मी काहीतरी पुटपुटले, काका, इथं निवांत आहे, त्या मधल्या टेबलावर आपली मराठी मंडळी आहेत, उगाच कुणी काही विचारेल...

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला समजून घेतल्यासारखं पाहिलं, आणि तेच जास्त लागलं.

“म्हणजे बाय, वेगळं ताट तूच वाढलंस,” ते म्हणाले.

मिलिंद मागे उभा होता. “पप्पा, ताईंनी चांगल्या मनानं केलंय. आणि इट्स ओके, टू सीटर इज मोअर प्रायव्हेट.”

“प्रायव्हेट मला नऊ वर्सं होतं,” दौलतकाका म्हणाले.

मला तिथंच रडू आलं. इतकी वर्षं अनोळखी माणसांना मी एका टेबलावर बसवत होते, घटस्फोटितांनासुद्धा बसवलं, आणि आपल्या माणसाला खांबाआड टाकलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी सभेत उभं राहून भाषण केलं असतं.

वसंतराव डेकवर फोटो काढत होते. त्यांना जाऊन विचारावं, असं क्षणभर वाटलं. मग मिस हॉलोवेचा नियम आठवला. विचारायचं कशाला? जेवणघराचे मुख्य वाढपी ब्रागांझा म्हणून गोव्याचे गृहस्थ होते. त्यांना म्हटलं, सव्वीसवर दोन कार्डं वाढवायची आहेत. त्यांनी आराखड्यावरचं नाव वाचलं, लांब बसलेल्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “हो तर आमचो दौलत न्हय? हांव तेन्ना भांडीघरांत आशिल्लों.” त्या काळी ते स्वतः भांडीघरात कामाला होते. त्यांनी आपल्या हातानं दोन कार्डं लिहिली आणि नकाशासमोरच्या दोन खुर्च्यांपुढे ठेवली. भोंगा वाजला आणि मला उतरावं लागलं.

सात दिवस मी कामावर होते असं म्हणायचं. बोटीवरून फॅक्स आला की मी आधी त्यात सव्वीस आकडा शोधायचे. एकात मीठदाण्या कमी पडल्याचं होतं, एकात कनेक्टिकटच्या आजींची तक्रार की यंदा गरम पाणी वेळेवर येतं आहे, हे थोरलीला शोभत नाही. सव्वीस नंबरबद्दल एक अक्षर नाही. मी मिस हॉलोवेला सगळं सांगितलं. वेगळं ताट म्हणजे काय, हे सांगायला अर्धा तास लागला. ऐकून झाल्यावर तिनं मला चहा दिला नाही. म्हणाली, “हे तू मुलाखतीच्या दिवशी सांगायला हवं होतंस.” मला ते पटलं.

आठव्या दिवशी सकाळी थोरली परत आली. उतरणाऱ्यांत आधी वसंतराव दिसले. मला बघून ते बाजूला आले. नेहमी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण आवाज खाली आला होता.

“सुनंदाताई, दौलतकाका काय माणूस आहे हो! बोटीचा कोपरा न् कोपरा माहीत. पहिल्या दिवशी मीच विचारलं, काका, तुम्ही ऑफिसर होता का? ते म्हणाले, टोपस. तुम्ही ज्या पॅसेजमधून जेवायला आलात ना, तिथले चौदा संडास माझ्याकडे होते.” त्यांनी गळ्यातला कॅमेरा उगाच सारखा केला. “मग जरा... म्हणजे आमच्यातल्या एका जोडप्यानं दुसऱ्या दिवशी टेबल बदलून घेतलं. प्रकृतीचं कारण सांगितलं. त्या खांबाआडच्या दोन सीट्स रिकाम्या होत्या, तिथं गेले. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं.”

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“आम्ही तिथंच. त्यांच्या जागी ओहायोच्या दोन बहिणी आल्या, शिक्षिका. त्यांना काकांनी इंग्रजीत वादळाच्या गोष्टी सांगितल्या. आमच्या हिनं रोज मेनूकार्डावर लिहून घेतल्यात.”

त्या जोडप्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते गृहस्थ पुढे कित्येक वर्षं मला मंडळाच्या कार्यक्रमांत भेटले आणि दर वेळी मला वाकून नमस्कार केला. मीही केला.

दौलतकाका सगळ्यात शेवटी उतरले. ब्रागांझा त्यांची बॅग घेऊन मागे. शेवटच्या पायरीवर काका वळले आणि बोटीच्या पांढऱ्या पत्र्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मी पुढे झाले. माफी मागायची ठरवून गेले होते, ती मागितली. त्यांनी ऐकून घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“नकाशा पाहिला का पुरा?”

“सातही दिस. मुंबईचं पहिलं अक्षर जरा निघालंय. गोंद लावायला पायजे, ब्रागांझाला सांगितलं मी.”

मला हसू आलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “काका, ते लोक टेबलावरून गेले. वाईट वाटलं?”

दौलतकाकांनी डोक्यावर टोपी चढवली, नीट केली आणि म्हणाले, “सूप संपायच्या आदीच ती बाई उठली. नवराही उठला. मी बसूनच होतो, बाय. आयुष्यात पहिल्यांदा. सावकाश जेवलो आणि पुडिंग संपवून मगच उठलो.”